हात थांबला, की पान पास

"ताई, त्या प्रकाशनात तुम्ही नक्की काय करायचात हो?" असं शेजारणी मला अजून विचारतात. पुस्तकं मी लिहिली नाहीत, छापली नाहीत, विकली तर नाहीतच. विकायला बसवलं असतं, तर गिऱ्हाइकाच्या बोलण्यातल्या चुका काढून त्याला आल्या पावली परत पाठवलं असतं. एकदा मी खरं ते सांगून टाकलं, "विद्वान लोकांची वाक्यं तोडायचे." शेजारीण दोन पावलं मागे सरकली.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं. एकतीस वर्षं मी लेखकांना सांगत आले, की तुमचं पहिलं पान फाडा, खरी गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते. आता माझ्यावर वेळ आली तर मला ते फाडवेना. असो, नमनाला घडाभर तेल नको.

आमचं प्रकाशन नगरचं. पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, पण तोंडाला नवं वळण पडायला वेळ लागतो. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल, माझं टेबल आणि प्रुफांचे गठ्ठे. मागच्या खोलीत बाइंडिंग. शाळेच्या वह्या आणि मार्गदर्शक पुस्तकांवर घर चालायचं, पण मालकांना एक नाद होता. जिल्ह्यातल्या कॉलेजांत इतके डॉक्टरेट मिळवलेले प्राध्यापक, त्यांचं आयुष्यभराचं काम काळ्या रेक्झिनच्या बांधणीत कपाटात पडून असतं. ते साध्या माणसाच्या हातात गेलं पाहिजे, असा तो नाद. मालक म्हणायचे, "शैलाताई, प्रबंध तिघंच वाचतात. मार्गदर्शक, परीक्षक आणि टाईप करणारा. त्यातला मन लावून वाचणारा एकच, टाईप करणारा." या तिघांच्या पुढचा चौथा वाचक मिळवणं हे माझं काम.

बाहेरच्याला वाटतं, यात काय मोठंसं, अवघड शब्द काढायचे आणि सोपे घालायचे. शब्द बदलायला वेळ लागत नाही हो. प्रबंध लिहिताना माणूस परीक्षकाला भिऊन लिहितो. कुणी बोट ठेवू नये म्हणून प्रत्येक वाक्याला चारी बाजूंनी कुंपण घालतो. "सदर", "उपरोक्त", "काही अंशी असे म्हणता येऊ शकेल". पुस्तकात हे कुंपण काढावं लागतं, आणि ते काढलं की आतला माणूस लाजतो. म्हणून सगळ्यात मोठी भांडणं व्हायची ती "मी" या शब्दावरून. प्रबंधात "मी" नसतो, "प्रस्तुत संशोधक" असतो. प्रस्तुत संशोधक गावोगाव हिंडतो, प्रस्तुत संशोधकाला ताप येतो. एका प्रबंधात तर प्रस्तुत संशोधकाला कुत्रं चावलं होतं. मी तिथे "मला कुत्रं चावलं" असं केलं, तर ते सर कळवळून म्हणाले, "ताई, इतकं वैयक्तिक नको."

सगळेच किस्से हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तिसगावच्या आठवडी बाजारावर पाच वर्षं काम केलं होतं. त्यांच्या प्रबंधात एका ठिकाणी होतं, "क्रेता व विक्रेता यांच्यातील अनौपचारिक मूल्यनिश्चितीची संवादप्रक्रिया".

"सर, म्हणजे काय?"

"म्हणजे... घासाघीस."

"मग घासाघीस लिहू या."

सरांनी चष्मा काढला. "घासाघीस लिहिलं, तर त्यात माझं काय राहिलं?"

मी तेव्हा तिशीत होते. तिशीतल्या माझ्या हातात लाल पेन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पटकन बोलून गेले, "काहीच राहत नसेल, तर छापायचं कशाला?" सर उठले, प्रबंध पिशवीत घातला आणि गेले, ते पुन्हा आले नाहीत. काय काय होतं त्यात! रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा कसा ठरतो, मिरचीवाली बाई पहिल्या गिऱ्हाइकाला का परत पाठवत नाही. सगळं त्यांच्याबरोबर पिशवीतून गेलं. त्यांना शब्दांचा गर्व नव्हता. पाच वर्षं वाया घालवली असं लोक म्हणतील, ही भीती होती. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची खंत आजही वाटते.

मला ताळ्यावर आणलं ते रशीदभाईंनी. रशीदभाई आमचे बाइंडर. छापून आलेला मोठा कागद, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. लाकडी पट्टीनं दाबत त्याच्या घड्या घालायच्या, की त्याची ओळीनं सोळा पानं होतात. रशीदभाईंची पट्टी दिवसभर चालायची, सर्रक, सर्रक. शिक्षण चौथीपर्यंत, पण हाताखालून हजारो पुस्तकं गेलेली. एकदा दुपारी वीज गेली, म्हणून उजेडासाठी मी मागच्या खोलीच्या दाराशी बसले आणि प्रुफं मोठ्यानं वाचू लागले. आकाशातल्या ग्रहताऱ्यांवरचं पुस्तक होतं. वाचता वाचता एकदम शांतता झाली. वर पाहिलं, तर रशीदभाईंची पट्टी हवेत.

"ताई, हे परत वाचा."

अमावास्येनंतरची पहिली कोर इतका थोडाच वेळ का दिसते आणि कधी कधी दिसतच का नाही, ते पान होतं. रशीदभाई म्हणाले, "ईदच्या आदल्या संध्याकाळी आमचा निम्मा मोहल्ला गच्चीवर चढून भांडतो. दिसला, नाही दिसला. कारण हे आहे होय! मग हे पान पुस्तकात इतकं मागे का टाकलंय?"

पुढची साठ पानं मी तशीच वाचून पाहिली. पट्टी एकदाही थांबली नाही. मी लेखकांना सांगून ते चंद्राचं पान पुढे आणलं, साठातली चाळीस काढली, आणि पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला. प्रत्येक हस्तलिखित मी मागच्या खोलीत वाचायचे. हात थांबला, की पान पास. रशीदभाई कधीही "समजलं नाही" म्हणत नसत, तसं म्हणणं त्यांच्या अदबीत बसत नव्हतं. पण हात खोटं बोलत नाही. मोठमोठे प्राध्यापक तिथल्या स्टुलावर बसून त्या पट्टीकडे डोळे लावायचे. एका सरांना राग आला, "आता बाइंडर आमची परीक्षा घेणार?" मालक शांतपणे म्हणाले, "सर, हाच तुमचा चौथा वाचक."

डॉ. सोपान कोळपे आमच्याकडे आले ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि माळरानावरच्या गवतांचा अभ्यास करायचे. घर मिरजगावजवळच्या वस्तीवर, मेंढपाळाचं. स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, पुस्तक दुसरं कुणी वाचो न वाचो. आमच्या आबांनी एकदा शेवटापर्यंत ऐकलं पाहिजे."

आबा म्हणजे त्यांचे वडील, रंभाजी कोळपे. वय ऐंशीच्या पुढं, अक्षरओळख नाही, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. कोळपे सरांनी संशोधन सुरू केलं, तेव्हा ते एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट माळावर ठेवायचे आणि तिच्या आतलं गवत रोपानं रोप मोजायचे. त्यांच्या शास्त्राची तशी रीतच आहे. एकदा आबा मेंढरं घेऊन तिथून चालले होते, बरोबर गावातली चार माणसं. त्यातला एक म्हणाला, "रंभाजी, बाप मेंढरं मोजतो आन् पोरगं गवत मोजतंय!" सगळे हसले. आबा हसले नाहीत, सरळ पुढे निघून गेले. त्यानंतर वीस वर्षं त्यांनी मुलाला कामाबद्दल अवाक्षर विचारलं नाही. कुणी विचारलंच, तर "मास्तर हाय" एवढं सांगायचे.

"आबांना वाटतं, मी वाया गेलो," सर म्हणाले.

आम्ही सहा महिने खपलो. कोळपे सर फार गुणी लेखक. सांगितलं की लगेच बदलायचे. कुसळी गवतावरचं पान मी मागच्या खोलीत वाचलं. कुसळीच्या बीला एक पीळदार शेपूट असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं बी आपोआप जमिनीत शिरतं. पट्टी थांबली. "म्हणजे बी स्वतःच स्वतःला स्क्रूसारखं पिळतं?" रशीदभाई म्हणाले. "नागापूरच्या कारखान्यात माझा मुलगा दिवसभर मशिनवर हेच करतो!" सर इतके खूश झाले, की त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांच्याकडून.

एका गोष्टीवर मात्र घोडं अडलं. "मी" काही ते लिहीनात. "ताई, गवताच्या पुस्तकात माझं काय काम?" एवढंच म्हणायचे. शेवटी मी नाद सोडला. पुस्तकाच्या अखेरीस गवतांच्या नावांचा तक्ता होता, एका बाजूला शास्त्रीय नाव, दुसऱ्या बाजूला स्थानिक. त्यात सात गवतांपुढे लिहिलं होतं, "स्थानिक नाव उपलब्ध नाही". मी त्यावर काही खूण केली नाही. शुद्धलेखन बरोबर होतं ना!

आता माझ्या चुकीकडे येते. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर सरांनी आबांचं एक वाक्य घातलं होतं. तरुणपणी कधीतरी वहीत टिपून ठेवलेलं. "तन हाय तवर धन हाय." धन म्हणजे मेंढरं, हे मेंढपाळांचं बोलणं मला ठाऊक होतं. आणि आमच्या भागात बोलताना "ण"चा "न" होतो, पाण्याचं पानी होतं, हेही ठाऊक होतं. म्हणजे हे "तन" नसून "तण"! रानात आपोआप उगवतं ते तण. गवताच्या पुस्तकात दुसरं काय असणार? मी ऐटीत लाल पेनानं "न"चा "ण" केला. सरांना विचारलंसुद्धा नाही.

प्रुफात सरांनी तो बदल पाहिला आणि त्यांनाही तो पटला. इतका पटला, की त्यांनी त्यावर अख्खं पान लिहिलं. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून फेकतो, त्यालाच मेंढपाळ धन मानतो, असं काहीसं. सुरेख पान होतं. रशीदभाईंचा हातही थांबला. मग तर माझ्या अंगात आलं. सरांनी पुस्तकाला "माळरानावरील गवते: एक अभ्यास" असं नाव दिलं होतं. मी हट्टानं ते बदलून "तण हाय तवर" केलं. मुखपृष्ठ छापून आलं, त्यावर हा मोठा "ण". पहिल्या पन्नास प्रती रशीदभाईंनी बांधून दिल्या.

प्रकाशनाला आबा नगरला यायला तयार नव्हते. "तितं यिऊन मी काय करू?" म्हणाले. मग आम्हीच एका रविवारी सकाळी वस्तीवर गेलो. मालकांना बरं नव्हतं, म्हणून मी आणि रशीदभाई, मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा. रस्त्यात कोळपे सर म्हणाले, "मधेच उठून गेले तर?"

लिंबाखाली बाजेवर आबा बसले होते. हडकुळे, ताठ. हातात लोकरीची टकळी. आसपास घरची माणसं, शेजारची दहाएक मंडळी. सरांनी हार-बिर काही आणला नव्हता. पुस्तक उघडलं आणि उभ्यानं वाचायला सुरुवात केली. रशीदभाईंनी मला कोपर मारलं. "ताई, टकळी बघा."

मग माझ्या लक्षात आलं. इथेही हात चालू होता. टकळी गरगर फिरत होती, सूत निघत होतं, आबांची नजर लांब कुठेतरी.

सर वाचत होते, "तण हाय तवर धन हाय, असे आमचे आबा म्हणतात. तण म्हणजे नको असलेले झाड..."

टकळी थांबली. मी आनंदानं रशीदभाईंकडे पाहिलं. पास! पण ते मान हलवत पुटपुटले, "ही थांबायची तऱ्हा वेगळी आहे, ताई."

"कुनी म्हनलं ह्ये?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच, आबा."

"मी न्हाई म्हनलो."

"माझ्या वहीत लिहिलंय, आबा."

"वहीत आसंल. नको असल्यालं झाड, आसं मी कवा म्हनलो? तसलं तन कुनब्याच्या रानात. माळावर कुटलं आलंय तन? आमाला समदा चाराच हाय."

शेजारची मंडळी "व्हय, व्हय" करू लागली. सरांचा चेहरा पडला. हातातलं पान, त्यावरचं ते सुरेख विवेचन, सगळंच एका वाक्यात गेलं. मला राहवेना. मी पुढे होऊन विचारलं, "आबा, मग तुम्ही काय म्हणाला होता?"

"तन म्हनलो."

"तेच की. तण."

"त्ये तन न्हवं वो बाई. तन!"

"म्हणजे कोणतं तन?"

आबांनी टकळी बाजेवर ठेवली आणि स्वतःच्या मांडीवर दणकन थाप मारली. "ह्ये तन! आंग! सरीर!"

सगळे हसले. मी हसले नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ पन्नास मुखपृष्ठांवर छापून मांडीवर घेऊन आले होते. वहीत बरोबर होतं. "न"च होता. मीच तो बिघडवला.

"पण आबा, हे तुम्ही कधी म्हणालात?" सरांनी विचारलं.

"तुला ठावं न्हाई? मिरजगावच्या फाट्यावर. नगरला कालिजात जायला तुला यष्टीत बसवला तवा. तू खिडकीत बसून रडत हुतास. म्हनत हुतास, आबा, मी गेलो तर तुमी एकलं पडताल, मेंढरं कोन राखील, मी न्हाई जात. तवा म्हनलो, जा गड्या, तन हाय तवर धन हाय. माझं आंग धड हाय तवर मेंढरांचा घोर तुला नगं. तू शिक."

सर म्हणाले, "गाडी सुरू झाली होती. मला तेवढं एक वाक्यच ऐकू आलं, पुढचं नाही. मला वाटलं, तुम्ही गवताचं काही सांगताय. मेंढरं सोडून गेलो म्हणून तुम्ही नाराज आहात, असंच मी इतकी वर्षं..."

"नाराज कशापायी? मीच तर बसवला की यष्टीत."

"मग माझ्या कामाचं कधी विचारलं का नाही?"

आबांनी उगीच सूत चाचपलं. "त्या दिशी माळावर मानसं हासली. गवत कशापायी मोजतोस, ह्येचं उत्तर मला दिता यीना. पोरगं काय करतं ते बापाला ठावं नसावं, ह्येची लाज वाटली. मंग इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

"मग आता विचारा."

"कशापायी मोजत हुतास?"

सरांनी पुस्तक मिटलं. ते बाजेवर आबांच्या शेजारी बसले आणि तोंडानं सांगू लागले. मारवेल आणि पवन्या ही गोड गवतं मेंढरं आधी खातात. कुसळीला फारसं तोंड लावत नाहीत. माळाला विसावा मिळाला नाही, की गोड गवतं संपत जातात आणि चौकटीत कुसळीच कुसळी भरते. ती दरवर्षी मोजली, की माळ किती थकलाय ते कळतं आणि त्याला किती दिवस मोकळा ठेवायचा तेही सांगता येतं.

आबा ऐकत होते. टकळी बाजूलाच होती. शेवटी म्हणाले, "ह्ये तर मला मेंढराच्या तोंडावरनं कळतं. मारवेल सरली, की मेंढरू मान खाली घालत न्हाई. वर करून चालतच ऱ्हातं."

"हे माझ्या पुस्तकात नाही, आबा!" सर जवळजवळ ओरडलेच.

"म्हंजी बाप आन् ल्योक, येकच मोजत हुतो की रं," आबा म्हणाले आणि मोकळेपणी हसले.

रशीदभाईंनी रुमालानं डोळे पुसले. "ताई, आता पास," ते म्हणाले.

पण सरांचा शब्द होता, शेवटापर्यंत वाचायचं. मग जेवणं झाल्यावर पुन्हा वाचन सुरू झालं. मंडळी पांगली, आबा मात्र जागचे हलले नाहीत. सर अगदी अखेरच्या तक्त्यापर्यंत आले. लॅटिन नावं, पुढे मराठी नावं. आबा प्रत्येक मराठी नावाला मान डोलवत होते. मग आलं, "स्थानिक नाव उपलब्ध नाही".

"म्हंजी?"

"म्हणजे इकडे या गवताला काय म्हणतात, ते कुणाला माहीत नाही."

"कुनाला इचारलंस?"

सरांनी सांगितलं, मोठमोठ्या ग्रंथालयांत जाऊन जुनी पुस्तकं पाहिली, तज्ज्ञांना पत्रं लिहिली. रशीदभाईंना राहवलं नाही. "सर, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" सगळ्यात मोठ्यानं सरच हसले.

घराच्या पत्र्यावर पडलेली ती जुनी चौकट खाली निघाली. बाप पुढे, लेक मागे, त्यामागे आम्ही दोघं, असे माळावर गेलो. सर एकेक गवत दाखवायचे, आबा नाव सांगायचे. एकाचं नाव मेंढराच्या जिभेला ते कसं लागतं त्यावरून, एकाचं त्याच्या तुऱ्याच्या रंगावरून. आपल्याकडे हे आहे याचं त्यांना काहीच अप्रूप नव्हतं. सातापैकी सहा नावं अशी मिळाली. सातवं गवत त्यांनी उपटलं, फिरवून पाहिलं, वास घेतला, थोडं चावलं. मग मुलाच्या हातात दिलं.

"ह्ये माझ्या बी वळखीचं न्हाई. तू शिकलायस. तूच ठिव ह्येचं नाव."

निघताना मी आबांची माफी मागितली. पुस्तकाच्या नावातली चूक माझी, सरांची नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "एका अक्षराचं काय यवडं! पर बाई, बदलायच्या आदी इचारत जावा." एकतीस वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात माझा धंदा शिकवला नव्हता.

मुखपृष्ठं छापून पडली होती, ती टाकून देववेनात. रशीदभाईंनी "न"च्या छोट्या चकत्या कापल्या आणि खळ लावून प्रत्येक "ण"वर हातानं चिकटवल्या. ठिगळ लावलेली प्रत आबांना पाठवली, तर उलट निरोप आला, "घोंगड्याला ठिगळ आसतंच." शुद्धिपत्रात एरवी दोन रकाने असतात, अशुद्ध आणि शुद्ध. माझं शुद्धिपत्र पानभर झालं. त्यात फाट्यावरच्या त्या यष्टीची हकीकत मी लिहिली आणि खाली आयुष्यात पहिल्यांदा छापील अक्षरांत माझं नाव घातलं, नावापुढे "चूक मुद्रितशोधिकेची". पुस्तक वाचून ज्यांनी पत्रं लिहिली, त्यातल्या निम्म्यांनी त्या शुद्धिपत्राबद्दलच लिहिलं आहे.

उरलेल्या प्रतींसाठी शेवटचा फर्मा नव्यानं छापायचा ठरला, कारण त्यात नावांचा तक्ता होता. सरांनी सुधारलेला तक्ता पाठवला, तेव्हा माझ्या निवृत्तीला चार दिवस राहिले होते. सवयीनं मी तो घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. आत सर्रक, सर्रक चालू होतं. सहा गवतांची सहा नावं, प्रत्येकापुढे कंसात "आबांकडून". मग सातवं गवत. तिथलं "उपलब्ध नाही" सरांनी खोडलं होतं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "आबा आणि मी अजून ठरवतोय."

आतली पट्टी थांबली.